विर्रुवानाच्या टोकावरची थाळी

श्रोतेहो, नमस्कार. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला शार्क बे आहे. तिथले मूळचे मलगाना लोक त्याला गुथाररागुडा म्हणतात, म्हणजे दोन पाणी. डुगाँग (समुद्रगाय), कासवं, शिंपले यांवर पिढ्यानपिढ्या जगलेली ही माणसं. समोरच्या लांबट बेटाला त्यांचं नाव विर्रुवाना. नकाशात मात्र ते डर्क हार्टोगचं बेट.

झालं असं, की डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं आफ्रिकेच्या टोकावरून पश्चिमी वारा पाठीशी घेऊन सरळ पूर्वेला जात आणि मग जावाकडे उत्तरेला वळत. वळायचं कधी, ही मेख. अक्षांश सूर्यावरून कळे, रेखांश मोजायची सोय नव्हती. वळायला उशीर झाला, की समोर ऑस्ट्रेलिया.

हार्टोगचं ‘एन्द्राख्त’ जहाज असंच आलं, २५ ऑक्टोबर १६१६ ला. बेटाच्या उत्तर टोकावर खलाशांनी जेवणाची एक थाळी घेतली. मिश्रधातूची, पण मुख्य धातू कथिल, आपल्या कल्हईचं. ती ठोकून सपाट केली, मजकूर कोरला आणि खांबाला ठोकली. मजकूर असा: जहाज २५ ला आलं, २७ ला जावातल्या बांटम बंदराला निघालं. नावांत पहिलं नाव बड्या व्यापाऱ्याचं, कप्तान हार्टोग त्याच्या खाली! कंपनीत मान कुणाचा, ते थाळीच सांगते. आपणही भांड्यांवर नाव घालताना तारीख आणि गाव घालावं; हल्ली नुसतं आडनाव घालतात, ते अपुरं आहे.

१६९७ च्या फेब्रुवारीत डच कप्तान विलेम द फ्लामिंग तिथे पोचला. खांब कुजलेला, थाळी शाबूत. त्यानं जुना मजकूर नव्या थाळीवर उतरवला, खाली आपला जोडला, नवी तिथे लावली आणि जुनी नेली. जुनी आज ॲम्स्टरडॅमला आहे. नवी १८०१ मध्ये फ्रेंच कप्तान हामलँला वाळूत पडलेली सापडली. त्यानं ती परत खांबावर चढवली. त्याच्या हाताखालच्या फ्रेसिनेला ते पटलं नव्हतं. १८१८ मध्ये तो स्वतःचं जहाज घेऊन आला आणि थाळी पॅरिसला घेऊन गेला. तिथे ती गहाळ झाली, १९४० मध्ये सापडली, १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाला परत मिळाली.

लक्षात घ्या, थाळ्या दोन; दोन्हींवर जहाजं, माणसं, तारखा. दोन्हींवर मलगानांचा उल्लेख नाही. एक अक्षरही नाही. शार्क बे परिसरावरचा त्यांचा पारंपरिक हक्क न्यायालयानं मान्य केला तो २०१८ मध्ये, पहिली थाळी ठोकल्यावर ४०२ वर्षांनी.