मिलवॉकीने नदीवरचे बंधारे काढले, मग नदीचं काय झालं?

नमस्कार मंडळी! आज जाऊया अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला, मिशिगन सरोवराच्या काठावरचं जुनं कारखान्यांचं शहर. तिथल्या नदीचं नावही मिलवॉकीच. तिच्यावर भर वस्तीत नॉर्थ ॲव्हेन्यूजवळ दीडशेच्या आसपास वर्षं बंधारा होता आणि १९९७ मध्ये तो चक्क काढून टाकला.

आता तुम्ही म्हणाल, कशाला काढायचा, भरलेली नदी किती छान दिसते! आपल्याकडेही नदीसुधार म्हटलं की साबरमतीचे फोटो पुढे येतात, पण ते पाणी वासणा बॅरेजमागे अडवलेलं आहे हे कुणी सांगत नाही. आणि अडवलेल्या पाण्यात होतं काय, तर ते उन्हात तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, पुढे वाहून जाणारा गाळ तिथेच बसतो आणि तळाची खडी त्याखाली गाडली जाते. स्मॉलमाउथ बास हा मासा त्याच खडीत घर करून अंडी घालतो, म्हणजे त्याचं घरच गेलं. उरतो कार्प, आपल्या धरणांतही असतो तोच, गाळ उकरून खाणारा आणि पाणी आणखी गढूळ करणारा. सरोवरातून वर येणारे मासे तर बंधाऱ्यापाशीच अडकायचे.

मिलवॉकीत आधी दरवाजे उघडले, मागचा तलाव रिकामा झाला, उघड्या पडलेल्या गाळावर हळूहळू गवत-झाडं आली आणि मग भिंत पाडली. पाणी परत खळाळायला लागलं, बास परतले, कार्प कमी झाले.

वरच्या बाजूला एस्टाब्रुक पार्कमध्ये अजून एक बंधारा होता, १९३० च्या दशकातला, आणि तिथे मात्र बरीच वर्षं भांडण चाललं, कारण काठावरच्या घरवाल्यांना मागचं साठलेलं पाणी हवं होतं, बोटी होत्या ना त्यांच्या. त्यांचं दुःख मला समजतं हो, पण त्याच बंधाऱ्यामुळे पुरात वरच्या भागातली पाण्याची पातळी वाढायची! प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी २०१८ मध्ये तो काढला आणि तिथली पूरपातळी खाली आली.

आणि हे नीट ऐका, कारण बंधारा काढा म्हणणारे आपण लोक हेच विसरतो. एस्टाब्रुकच्या मागे लिंकन पार्कजवळच्या गाळात पीसीबी होतं, पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरायचे ते विषारी रसायन, माशांच्या चरबीत साठतं आणि मासे खाणाऱ्या माणसापर्यंत पोचतं. तो गाळ आधी उपसला, मगच भिंतीला हात लावला. नुसतं जेसीबी लावून बंधारा फोडला असता तर ते सगळं खालच्या शहरात गेलं असतं. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या नदीवर कुणी असं काम काढलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा, गाळ तपासला का?

आता स्टर्जन. हा प्रचंड मोठा मासा या नदीतून पार संपला होता. २००६ पासून नदीकाठीच, नदीचंच पाणी फिरवून त्याची पिल्लं वाढवतात आणि सोडतात, म्हणजे मोठी झाल्यावर ती याच पाण्याच्या ओळखीने परत यावीत. मादी अंडी घालायला तयार होते साधारण २० ते २५ वर्षांनी, म्हणजे सुरुवातीला सोडलेल्या माद्यांची वेळ आत्ता कुठे येतेय.