धरणारा हात

अजिंठ्याविषयी बोलताना आपण पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रापाशी थांबतो. आज मला तुम्हाला सोळाव्या लेण्यात न्यायचे आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतलेल्या या लेण्यात नंदाच्या प्रव्रज्येची कथा रंगवलेली आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक परतला, आणि तो मुकुट पाहून पत्नी सुंदरी कोसळली. या प्रसंगाला ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव चिकटले. माझी तक्रार या नावाविषयी आहे, कारण ते ऐकताच पाहणारा केवळ तिचा चेहरा शोधतो आणि तो सापडला की पुढे सरकतो.

काही वर्षांपूर्वी किल्लारीकडच्या एका गावातील बायकांना घेऊन मी तेथे गेलो होतो. आत अंधार होता आणि मागची रांग ढकलत होती. पण एक मावशी त्या चित्रासमोरून हलायला तयार नव्हत्या. मी त्यांना सुंदरीची कथा सांगू लागलो, तेव्हा मला थांबवून त्या म्हणाल्या, “सर, तिला नका बघू, तिच्या मागचीला बघा. कसं धरलंय बघा. पडू दीना गेली बाई तिला.” मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणाल्या, “त्या पहाटं मलाबी असंच धरलं होतं कुणीतरी मागून. कोण होती, आजून म्हाईत नाही.” ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. ते चित्र मी त्याआधी अनेकदा पाहिले होते, त्यावर बोललो होतो, आणि तो आधार देणारा हात माझ्या बोलण्यात एकदाही आला नव्हता.

१८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या प्रतिकृती करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांनी याच चित्राबद्दल लिहिले की फ्लॉरेन्सचा चित्रकार रेखाटन अधिक चांगले करील, व्हेनिसचा रंग अधिक चांगले देईल, पण याहून अधिक भाव दोघांनाही ओतता येणार नाही. तो भाव, माझ्या मते, एका चेहऱ्यात नाही. एक दासी सुंदरीला मागून सावरते, दुसरी नाडी पाहावी तसा तिचा हात धरून तिच्या मुखाकडे टक लावते, एक वारा घालते, एकीचा हात स्वतःच्याच छातीवर गेला आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा घाईने मांडतो. नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव आहे, आणि गळून गेलेली गात्रे हा त्याचा अनुभाव, म्हणजे तो भाव बाहेर दाखवणारी खूण. अजिंठ्याच्या चित्रकाराने तो अनुभाव सुंदरीपुरता न ठेवता भोवतीच्या माणसांत वाटून दिला. काव्यशास्त्रकार भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, म्हणजे एकाचे दुःख एकट्याचे न राहता सर्वांचे होणे, ते येथे भिंतीवरच सुरू झालेले असते: त्या दासी या दुःखाच्या पहिल्या सहृदय प्रेक्षक आहेत आणि आपण त्यांच्या मागे येऊन उभे राहतो. सतराव्या लेण्यात विशाल बुद्धासमोर इवलीशी यशोधरा राहुलाला घेऊन उभी आहे. तेथेही आधी तिचे हात पाहावेत.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणातील बुद्ध सुमारे सात मीटर लांबीचा आहे, आणि शोक करणारे शिष्य त्याच्या मंचकाखाली लहान आकारात कोरलेले आहेत. मावशी त्या शिष्यांसमोर खाली बसल्या. त्यांच्या शेजारी मीही बसलो.