बोनेटच्या आधी रस्त्याचा फोटो काढा

मंडळी नमस्कार. गळीत हंगामाच्या आधी तुम्ही सगळे ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, टोळीचे मुकादम एका जागी बसलात म्हणून मुद्दाम आलो. माझा फोटो स्टुडिओ आहे, पण पंचवीस वर्षं झाली, आमच्या भागात ॲक्सिडेंट झाला की पंचनाम्याच्या फोटोला मला बोलावतात. पहिले रोलचा कॅमेरा होता, 36 फोटोत सगळं बसवायचं, त्याच्यामुळं आधी काय टिपायचं हे डोक्यात पक्कं बसलं.

आता प्रत्येकाकडं फोन आहे, शंभर-शंभर फोटो येतात, पण बघावं तर सगळे चेपलेल्या बोनेटचे. अहो, बोनेट गॅरेजला गेल्यावरबी तसंच दिसतं. रस्ता मात्र तासाभरात पुसला जातो, क्रेन येते, काचा झाडून कडंला लोटतात, वरून गाड्या जातात, मग कोण कुठून आलं ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

माझा मेहुणा केज-अंबाजोगाई रस्त्यावर रात्री मोटरसायकलवर उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉली रस्त्यातच उभी, पंक्चर झालेली, ना टेललाईट ना रिफ्लेक्टर, मागं एक दगडसुद्धा लावलेला नाही. मी गेलो ते त्याला घेऊन सरळ दवाखान्यात पळालो, अन् ते बरोबरच केलं. पण तिथं वीस-पंचवीस माणसं जमली होती, त्यांनी त्याच्या रक्ताचे फोटो काढले, व्हिडिओ काढले, ट्रॉलीच्या पाठीचा एकानंबी काढला नाही. सकाळी जाऊन बघतो तर ट्रॉलीला नवे चकचकीत रिफ्लेक्टर. कागदावर काय आलं? मोटरसायकलवाल्यानं मागून धडक दिली. त्याच्या पायात आजबी रॉड आहे, अन् चूक बी त्याचीच. हे मला सहन होत नाही म्हणून सांगत फिरतो.

तर पहिलं माणूस. पार्किंग लाईट लावा, मागून येणाऱ्यांना थांबवा, 108 ला फोन, 112 ला फोन. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती सोडा, मोटार वाहन कायद्यात 2019 ला 134-अ कलम आलंय, ते मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. तुम्हीच ड्रायव्हर असाल तर जखमीला उपचार मिळवून देणं अन् पोलिसाला कळवणं हे त्याच कायद्याच्या 134 कलमानं तुमच्यावरच टाकलंय.

मग लांबून फोटो, गाडी हलवायच्या आधी. पन्नास-साठ पावलं मागं जा, ज्या बाजूनं गाडी आली तिकडून एक, समोरून एक, दोन्ही कडंनं एकेक. चारपैकी एका फोटोत तरी न हलणारी वस्तू पाहिजे, विजेचा खांब, पुलाचा कठडा, किलोमीटरचा दगड. दगडाचं डोकं पिवळं असलं तर नॅशनल हायवे, हिरवं असलं तर राज्यमार्ग, त्याच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे.

आता खरा माल रस्त्यावर आहे. टायरचा काळा पट्टा उभ्यानं काढला तर डांबरात डांबर दिसतं. गुडघ्यावर बसा अन् पट्ट्याच्या लाईनीत लांबवर धरून काढा, कुठून सुरू होतो अन् कुठं संपतो दोन्ही घ्या, टेप नसला तर पावलं मोजा. नव्या गाड्यांना एबीएस असतं, म्हणजे ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही, त्यांचा पट्टा फिक्का पडतो, पट्टा नाही म्हणजे ब्रेकच मारला नाही असं नसतं. डांबर खरवडलेलं दिसलं तर ते सोडू नका. अन् आपल्या काळ्या मातीचं एक सांगतो, मडगार्डखाली वाळलेली ढेकळं धडकेच्या दणक्यानं खाली पडतात, बऱ्याच वेळा धडक तिथंच झालेली असते. पंचनाम्याला उशीर झाला की ही माती पायानं तुडवून जाते, कामून तर तिला कुणी पुरावा समजतच नाही.

मग गाडी. नंबर प्लेट, समोरच्या गाडीचा पेंट लागलेला ओरखडा, शेजारी पेन किंवा दहाचं नाणं ठेवून. टेललाईट, रिफ्लेक्टर, असो किंवा नसो, दोन्हीचा फोटो. रात्री फ्लॅशनं रिफ्लेक्टर भडकतो, पुढं-मागं काही दिसत नाही, म्हणून एक फ्लॅशनं अन् एक फ्लॅश बंद करून, दुसऱ्याला बाजूनं तिरपी बॅटरी मारायला लावून घ्या. तिरप्या उजेडात पोचा बी उठून दिसतो.

जखमीचा चेहरा कुणाच्याच ग्रुपवर टाकायचा नाही. घरच्यांना ती बातमी फोनवरच्या फोटोनं कळते, मी डोळ्यानं बघितलंय.

फोटो मूळ फोनमधीच राहू द्या. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो बारीक होतो अन् त्यातली वेळ-जागेची माहिती निघून जाते, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. क्रॉप नाही, फिल्टर नाही, बाण काढायचा तर कॉपीवर काढा. कोर्टात फोनमधला पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, वकील ते करून देतात, पण मूळ फाईल तुमच्याकडं पाहिजे. नुकसान भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्याच्या आत लावायचा असतो, हा नियम 2022 पासून आहे, तवर फोन विकू नका, बदलला तरी फाईल पेनड्राईव्हवर जशीच्या तशी घ्या.

आता फोन काढा सगळ्यांनी, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधी लोकेशन चालू करा, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. बाहेर आवारात ट्रॉली उभी केलीय, रिफ्लेक्टर मुद्दाम काढून ठेवलाय. अंधार पडायलाय, तिथंच जाऊ, ज्यांच्याकडं बॅटरी आहे ते पुढं या.