दख्खनच्या पैशावर उभी राहिलेली अरबी सल्तनत

श्रोतेहो, नमस्कार. मराठवाड्यात चाऊस आडनावाची माणसं आपल्याला हमखास भेटतात. त्यांच्या पूर्वजांचा मुलूख हद्रमौत, म्हणजे आजच्या येमेनचा पूर्व भाग. पाऊस तुटपुंजा, शेती थोडी. त्यामुळे तरुणांनी समुद्रापार जाऊन शिबंदीत चाकरी धरायची, ही तिथली जुनी रीत. १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध नेटानं लढवला तो अरब शिपायांनीच. पेशवाई बुडाली, पण निजामाच्या हैदराबादेत अरबांना थारा होता.

तिथं उमर बिन अवद अल-कुऐती हा जमादार झाला. त्या काळी अरब पलटणीचा जमादार म्हणजे मोठं प्रस्थ. पदरी फौज, वर सावकारी. हैदराबादचाच दुसरा जमादार गालिब बिन मुहसिन हा कथिरी घराण्याचा. या दोघांचं वैर पेटलं आणि दख्खनमध्ये कमावलेल्या पैशावर अरबस्तानात लढाया झाल्या! १८६७ साली कुऐतींनी कथिरींकडून शिहर बंदर घेतलं, १८८१ मध्ये इंग्रजांच्या मदतीनं कसादी घराण्याकडून मुकल्ला बंदर. कथिरींकडे सैवून शहर आणि आतला काही प्रदेश उरला, किनारा कुऐतींचा झाला. १८८८ च्या तहानं कुऐतींची ही सल्तनत इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेली.

मला या इतिहासात सगळ्यात मोलाची वाटते ती पैशाची वाट. निजामाच्या खजिन्यात मराठवाड्यातल्या कुणब्याचा शेतसाराही जमा होत होता. त्याच खजिन्यातून जमादारांचे पगार निघत. मुकल्ल्याच्या समुद्रकाठी हिंदुस्थानी घाटाचा राजवाडा उभा राहिला, बाजारात आपला रुपया चाले. हद्रमौतच्या इतिहासात आपल्या शेतकऱ्याचं नाव कुठं येत नाही, पण त्याचा घाम त्यात आहे, हे आपण तरी सांगायला हवं.

सुलतान सालेह बिन गालिब १९३६ मध्ये गादीवर आला, तोही हैदराबादेत राहिलेला. पुढच्याच वर्षी त्यानं इंग्रज सल्लागार स्वीकारला. मग महायुद्धात जावा जपानकडे गेलं, तिथून येणाऱ्या हद्रमी व्यापाऱ्यांच्या हुंड्या थांबल्या, पाऊसही रुसला आणि भीषण दुष्काळ पडला. १९४८ साली हैदराबाद भारतात विलीन झालं. आपल्यासाठी ती मुक्ती होती. मुकल्ल्याचा मात्र जुना आधार तुटला.

सप्टेंबर १९६७ मध्ये परदेशाहून परतणाऱ्या तरुण सुलतान गालिबला मुकल्ल्यात पाऊल ठेवू दिलं नाही. क्रांतिकारकांनी सत्ता घेतली आणि ३० नोव्हेंबरला दक्षिण येमेन स्वतंत्र झाला, तेव्हा ही सल्तनत त्यात विरून गेली होती.