वाफ कोणाला आणि पाणी कुठलं?

मंडळी, भंडारा-गोंदियाच्या माणसाला वाफ समजावून सांगायची गरज नाही. उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धानाचाच भुसा बॉयलरखाली जळतो आणि त्या वाफेवर धान उकडतं. विजेचं बिल दर महिन्याला हातात येतं, उष्णतेचा खर्च मात्र भुशाच्या ढिगात दडून राहतो. म्हणून छोट्या अणुभट्टीची गोष्ट मी वाफेपासून सुरू करतो.

अणुकेंद्रात जेवढी उष्णता तयार होते, तिच्यातल्या जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. बाकीची वाया जाते. ती वापरा, असं म्हणणं सोपं आहे. पण टर्बाइनच्या, म्हणजे वाफेवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या, शेवटी उरते ती कोमट ऊब, तिच्यावर धान उकडत नाही. कामाची वाफ टर्बाइनच्या मधूनच काढून घ्यावी लागते आणि तेवढी वीज कमी होते. तरीही हे जमतं. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुकेंद्राने शेजारच्या जड पाण्याच्या (काही अणुभट्ट्यांत लागणाऱ्या खास पाण्याच्या) कारखान्याला वाफ पुरवली आहे. रशियाच्या उत्तर टोकाला पेवेक इथे २०२० पासून तरंगत्या केंद्रातल्या ३५-३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या वीजही देतात आणि घरंही गरम ठेवतात.

साधारण ३०० मेगावॅटपर्यंतच्या भट्टीला छोटी म्हणतात. नुसत्या आकारात नवल नाही, १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही या मापात बसतात. नवं आहे ते भट्टीचे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडणं. त्याने खर्च उतरेल ही आशा आहे, पण अमेरिकेतला आयडाहोचा अशा भट्ट्यांचा प्रकल्प खर्च वाढल्यामुळे २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला. आपल्या सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटी रुपये ठेवले आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी छोट्या भट्ट्या चालू करायचं ठरवलं.

मग विदर्भात ही वाफ घेणार कोण? राइस मिलला ताशी काही टन वाफ पुरते, एवढी मोठी भट्टी एकट्या मिलसाठी कोणी बांधणार नाही. वाफ विजेसारखी तारेवरून दूर जात नाही, गिऱ्हाईक शेजारीच हवं. बल्लारपूरसारख्या कागद कारखान्याला लागणारं तापमान भट्टी सहज देईल. चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्ट्यांना मात्र १४०० अंशांच्या वर तापमान लागतं आणि पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्टीची वाफ ३०० अंशांच्या आसपासच थांबते. सिमेंटचा कोळसा याने सुटणार नाही, हे मला स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

आणि पाणी. चंद्रपूरचं कोळशावरचं औष्णिक केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर उभं आहे. कुलिंग टॉवर, म्हणजे पाण्याची वाफ करून उष्णता हवेत सोडणारा मनोरा, असेल तर तेवढ्याच विजेला अशी अणुभट्टी कोळशाच्या केंद्रापेक्षा साधारणपणे जास्तच पाणी पिते. हवेने थंड करता येतं, पण आपल्या मे महिन्यात ते महागात पडतं. मी या तंत्राच्या बाजूचा आहे. कोळशाची राख आपल्या लोकांनी पुष्कळ सोसली. तरी उद्या वैनगंगेकाठी कोणी जागा बघायला आलं, तर गोसीखुर्दच्या पाण्यातलं भट्टीला किती आणि धानाला किती, याचा लेखी आकडा जमीन मोजण्याआधी ग्रामसभेसमोर आला पाहिजे.