प्राध्यापकाला लाखभर पगार असतो का? माझं पासबुक उघडून सांगते

[टेबलावर पासबुक, एक वही. थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू घरी आल्या. त्यांची मुलगी यंदा केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. झाली. चहा घेता घेता म्हणाल्या, "अगं, ही आता नेट देते म्हणतेय. प्राध्यापकांना लाखभर पगार असतो ना? मग देऊ दे की. कंपनीत काय, पंधरा हजारांवर राबवून घेतात."

नेट म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा. मी पटकन हो म्हणू शकले असते, कारण आकडा खरा आहे. पण मी स्वतः सहा वर्षं कॉलेजात शिकवलंय, तेही केमिस्ट्रीच. आणि आज मी अंबडला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. दोन्हीकडचा पगार माझ्या खात्यात जमा झालाय. त्यामुळे काकूंना जे सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते, जरा सविस्तर.

आधी तो लाखाचा आकडा येतो कुठून ते बघू.

सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता, तो आता मूळ पगाराच्या निम्म्याच्या वर गेलाय. घरभाड्यासाठीच्या सरकारी वर्गवारीत नाशिक मधल्या, वाय वर्गातलं शहर, म्हणून घरभाडे भत्ता त्या हिशोबाने. सगळं धरलं की पहिल्याच महिन्याची बेरीज लाखाच्या घरात जाते, त्यातून कपाती होतात. पुढे पदोन्नती. पीएच.डी. असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण केल्या तर चार वर्षांनी एक टप्पा, मग पाच वर्षांनी दुसरा, मग तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक. तिथे मूळ पगार १,३१,४०० पासून. आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक, १,४४,२०० पासून. भत्ते वेगळे. नोकरी साठीपर्यंत.

खरं सांगते, नाशिकमध्ये साधी एम.एस्सी. किंवा एम.ए. झालेल्या माणसाला यापेक्षा चांगला पगार आणि इतकी सुरक्षित नोकरी बाहेर सहसा मिळत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तर नाहीच. म्हणजे काकूंचं म्हणणं बरोबर आहे.

आता माझ्या स्टाफरूममध्ये चला.

[वही उघडून, पेनाने एक लांब टेबल आणि तीन खुर्च्या काढते.]

एक लांब टेबल, वर काचेखाली टाइमटेबल. खिडकीपाशी बसायचे आमचे सर, अनुदानित जागेवर, कायम. त्यांचा पगार मी आत्ता सांगितला तो. त्यांच्या शेजारी एक मॅडम. त्या विनाअनुदानित तुकडीवर. त्यांचा पगार सरकार देत नाही, संस्था देते, मुलांच्या फीमधून. त्यांच्या हातात महिन्याला अठरा हजार पडायचे. आणि दाराजवळच्या खुर्चीत मी. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे. सगळे याला सीएचबी म्हणतात.

मुलांना आम्ही तिघंही सारखेच. तिघांनाही "सर", "मॅडम" म्हणूनच हाक मारायची. अभ्यासक्रम एक, वर्ग एक, पेपर तपासणी एक. सेट, म्हणजे नेटसारखीच राज्याची परीक्षा, मी पास झाले होते, त्या मॅडमही झाल्या होत्या. पात्रतेत कुठेच फरक नव्हता.

"प्राध्यापकाला किती पगार" या प्रश्नाचं एकच उत्तर देता येत नाही ते यामुळे. कुठल्या खुर्चीतला प्राध्यापक, हे आधी विचारावं लागतं. आणि मुलाखतीला जाणाऱ्या नव्या मुलाला बहुतेक वेळा दाराजवळची खुर्ची मिळते.

त्या खुर्चीचा हिशोब मांडते. मी लागले तेव्हा तासाला ५०० रुपये होते. २०२२ मध्ये पदवीच्या थिअरीला तासाला ९०० झाले. प्रॅक्टिकलचा दर वेगळा आणि बराच कमी, तो आत्ता बाजूला ठेवू. आठवड्याला नऊ तास. ९ गुणिले ९०० म्हणजे आठवड्याचे ८,१००. महिन्याचे चार आठवडे धरले तर ३२,४००. ऐकायला वाईट वाटत नाही ना? मलाही नव्हतं वाटलं.

पण इथे पैसे तासाचे मिळतात, महिन्याचे नाहीत. गणपतीची सुट्टी, तास नाही. दिवाळीची सुट्टी, तास नाही. परीक्षा सुरू, तास नाही. गॅदरिंगच्या आठवड्यात मुलं वर्गात येत नाहीत, तास नाही. मे महिना पूर्ण कोरडा. वर्षात प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे तीसच्या आसपास होतात. ३० गुणिले ८,१०० म्हणजे २,४३,००० रुपये. बारा महिन्यांवर पसरले की महिन्याला २०,२५०. पीएफ नाही, पगारी रजा नाही, आजारपणाची सोय नाही. दरवर्षी नवीन ऑर्डर आणि दरवर्षी नव्याने मुलाखत.

आणि हे पैसे वेळेवर मिळाले तर.

[पासबुक उघडून कॅमेऱ्यासमोर धरते. नाव आणि खाते क्रमांक बोटाने झाकलेला.]

ही बघा नोंद. जानेवारीत एकदम जमा झालेले ८१,९०० रुपये. ९१ तासांचे. हे तास मी घेतले होते जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये. प्रत्येक तासाला नोंदवहीत सही, महिनाअखेरीला बिल, त्यावर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग फाइल पुढे. आणि या नोंदीच्या वर बघा, चार महिने माझ्या खात्यात कॉलेजची एकही एंट्री नाही. मधे जे छोटे छोटे आकडे दिसतायत ते मी संध्याकाळी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवायचे त्याचे. त्या दिवाळीत घरखर्च चालला तो या आकड्यांवर.

त्याच वर्षी मी स्कूटीच्या कर्जासाठी बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं, "मॅडम, कॉलेजात शिकवता ना? मग फक्त तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणा." सॅलरी स्लिप. माझ्याकडे बिलांच्या झेरॉक्स होत्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि परत दिल्या. गाडी शेवटी भावाच्या नावावर घेतली. मला तो दिवस आजही लागतो. रोज ज्या मुलांना मी मोल संकल्पना शिकवत होते, त्यांतली काही मुलं तीन वर्षांत कंपनीत लागून माझ्याआधी कर्जाला पात्र ठरणार होती.

माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेली मैत्रीण २०१६ मध्येच सातपूरच्या एका कंपनीत लागली होती. सुरुवात पंधरा हजारांवर. पहिली दोन वर्षं आम्ही तिला बिचारी म्हणायचो. शिफ्ट, पहाटेची बस, सुट्टी एकच. २०२४ मध्ये ती पंचावन्न हजारांवर होती आणि तिच्या पीएफ खात्यात तीन लाखांच्या वर साचले होते. मी त्याच वर्षी तिच्याच क्षेत्रात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अठ्ठावीस हजारांवर रुजू झाले. मुलाखतीत मला विचारलं, एचपीएलसी मशिनवर प्रत्यक्ष काम किती वर्षं केलंय? औषधातले घटक वेगळे करून मोजणारं हे मशीन मी शिकवलं होतं, त्याला हात लावला नव्हता. सहा वर्षांच्या अनुभवाची किंमत तिथे शून्य धरली.

आता तुम्हाला वाटेल, निदान कॉलेजात तरी ती वर्षं मोजली जात असतील. कायम जागा मिळाली तरी पदोन्नतीसाठी सेवा मोजताना तासिकेची वर्षं सहसा धरली जात नाहीत. नियमित प्राध्यापकाइतका पगार मिळत होता का, हे बघितलं जातं. आपला पगार तेवढा नसतोच, म्हणून वर्षंही नसतात.

हे फक्त नाशिकचं किंवा महाराष्ट्राचं दुखणं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना महिन्याला ३०,००० मिळत होते. न्यायालयाने त्यांना वेतनश्रेणीतला किमान पगार द्यायला सांगितलं. आणि म्हटलं, की समारंभात गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू म्हणत राहणं पुरेसं नाही. मी तो निकाल वाचला तेव्हा रडू आलं मला. कारण शिक्षक दिनाला मलाही दरवर्षी गुलाब मिळायचं आणि त्याच महिन्यात बिल अडकलेलं असायचं.

मग कायम जागा मिळते कधी? सगळं गाडं तिथेच अडतं. माणूस निवृत्त होतो, जागा रिकामी होते, पण ती भरायला सरकारची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत त्या जागेचे तास सीएचबीवर चालतात. २०२१ मध्ये राज्याने २,०८८ जागा भरायला मान्यता दिली. त्या एका बातमीवर आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. त्यात आमच्या विषयाच्या आणि माझ्या आरक्षण बिंदूच्या, म्हणजे माझ्या प्रवर्गाला ठरलेल्या, जागा जवळपास नव्हत्याच. एका ठिकाणी मुलाखत छान झाली आणि बाहेर एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "किती करू शकाल?" त्यांनी रकमेचं नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये कुणाशी बोलले नाही. सगळ्याच संस्था अशा नाहीत. स्वच्छ पद्धतीने, एक रुपया न देता लागलेली माणसं मला माहिती आहेत. पण हा प्रश्न कानावर येऊ शकतो, हे मुलांना आधीच माहीत असलेलं बरं.

आता विषयाचं बघा, कारण तुलना त्यावर उलटते.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेल्या मुलाला पुण्याला हिंजवडीत सुरुवातीला वर्षाला तीन-साडेतीन लाख मिळतील, पण कौशल्य असेल तर दोन नोकऱ्या बदलून तो आमच्या खिडकीजवळच्या सरांच्या पुढे जातो. त्याने शिकवायला यायचं तर आवड म्हणूनच. त्यातही खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांत कागदावरचा पगार आणि हातात येणारा पगार यांचा मेळ आधी तपासावा.

याउलट मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. यांना बाहेर दारं किती? स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, शाळा. यांच्यासाठी अनुदानित कॉलेजातली कायम जागा म्हणजे सगळ्यात वरची पायरी, म्हणून तिथली रांगही सगळ्यात लांब. या मुलांनी कनिष्ठ महाविद्यालयाकडेही बघावं असं मला मनापासून वाटतं. तिथे शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं महिन्याला २०,००० मिळतात, पण तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते. मात्र बी.एड. लागतं.

केमिस्ट्री, फार्मसी, मायक्रोबायॉलॉजी ही मधली मंडळी. यांना नाशिकमध्ये दोन्हीकडे वाट आहे, आणि म्हणून चुकीचा अंदाज यांनाच सगळ्यात महाग पडतो.

एक वाट मात्र वेगळी आहे. नेटमध्ये नुसतं पास न होता जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली, तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर तिचा वरचा टप्पा, एसआरएफ, झाली की ४२,०००, शिवाय घरभाडं. हे सीएचबीपेक्षा कितीतरी चांगलं. खुल्या वर्गातल्या मुलांना जेआरएफसाठी वयाची अट ३० आहे, मुलींना आणि राखीव वर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, त्यांच्या जाहिराती डोळ्यांत तेल घालून बघा. पीएच.डी. दमदार झाली तर आयआयटी किंवा आयसरसारख्या केंद्रीय संस्थांचा विचार करता येतो. तिथे सहायक प्राध्यापकाची सुरुवात १,०१,५०० च्या मूळ पगारावर होते. फक्त पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो.

आणि पेन्शनचं. बऱ्याच आई-वडिलांच्या मनात अजून जुनी पेन्शन आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. घरातल्या निवृत्त मामांचं उदाहरण मुलांना देऊ नका.

"मग तू सहा वर्षं का केलंस?" हे काकूंनीही विचारलं. मला शिकवायला आवडायचं म्हणून. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, निफाडहून यायची, तिला बेंझिनची रचना समजली तेव्हा तिने वहीतून वर पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. आता मी क्रोमॅटोग्राफच्या आलेखातले पीक, म्हणजे टोकं, बघते. काम चांगलं आहे, पगार एक तारखेला येतो. पण जून आला की कॉलेज रोडवरून जाताना जीव थोडा थोडा होतो. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मी काकूंसमोर बोलले.

मग मुलीलाच वर बोलावलं. ही वही तेव्हाचीच.

[वहीचं दुसरं पान दाखवते.]

तिचं वय तेवीस. आम्ही ओळी आखल्या. नेट आणि सेट, दोन्ही, पुढची दोन वर्षं. त्याच दोन वर्षांत एखाद्या लॅबमध्ये एचपीएलसी हाताळायला शिकायचं, पगार कमी असला तरी. जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. नाही मिळाली तर सीएचबी एकच वर्ष, वर्गात उभं राहायला आवडतं का हे कळण्यापुरतं. आणि अठ्ठाविसाव्या वर्षापुढे तिने स्वतः एक आडवी रेघ मारली. त्या रेघेपर्यंत कायम जागेची चाहूल नसेल तर कंपनी. रेघ कुठे मारायची ते मी सांगितलं नाही, तिने ठरवलं.

काकू गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि मुलाखतीला बोलावलं तर?"

तेव्हा आम्ही खाली हे चार प्रश्न लिहिले. जागा अनुदानित आहे की विनाअनुदानित? तास किती आणि दर काय? गेल्या वर्षीच्या लोकांची बिलं कुठल्या महिन्यापर्यंत निघालीत? आणि या विषयाची कायम जागा शेवटची कधी भरली? तिसरा प्रश्न प्राचार्यांना विचारू नकोस म्हटलं. तो स्टाफरूममध्ये, दाराजवळच्या खुर्चीत जो बसला असेल त्याला विचार. शुक्रवारी तिची पहिली मुलाखत आहे, सिन्नरला. सकाळी सहा चाळीसची एसटी धरणार आहे.