डोळा जागा होण्याआधी

(दृश्य: बर्फातली सफरचंदाची बाग. पहिले काही सेकंद फक्त करवतीचा आवाज.)

झाड तिशीचं असावं. अंगावर पान एक नाही. बुंध्याभोवती गुडघाभर बर्फ, शिडीचे पाय त्यात रुतलेले, आणि वर चढलेला माणूस फांदी कापतोय. लांबून बघणाऱ्याला वाटेल, वाळकं लाकूड तोडणं चाललंय. पण हे झाड वाळलेलं नाही. खरं तर निजलेलंही नाही. जाग येऊन अंथरुणातच पडून राहावं, बाहेर ऊन यायची वाट बघत, तसं ते आहे.

आता जवळून बघा. फांदीवर हा डोळा, म्हणजे अजून न फुटलेला अंकुर. करड्या खवल्यांचा, वरून लव असलेला. पात्याने तो मधोमध उभा चिरला. आत मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसतोय? हिरवा म्हणजे जिवंत. काळपट निघाला असता तर गेल्या कडाक्यात गेला, असं समजायचं. कातर चालवण्याआधी वेगवेगळ्या फांद्यांवरचे असे दहा-बारा डोळे चिरून बघतात. मेलेले जास्त निघाले, तर त्या वर्षी हात आखडता घेऊन जास्त काड्या राखतात.

खाली पडलेल्या काड्यांमधल्या चार आम्ही उचलल्या आणि उबदार खोलीत पाण्याच्या पेल्यात ठेवल्या. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

हाच उद्योग हिवाळ्याच्या तोंडाशी केला असता, तर काडी ढिम्म राहिली असती. थंडीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय सफरचंद फुटत नाही. हिशेबाची जुनी, सोपी रीत अशी : हवा शून्य ते ७.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना गेलेला प्रत्येक तास झाडाच्या खात्यावर जमा. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, कमी थंडीच्या जाती ३०० च्या आसपासही भागवतात. गंमत म्हणजे उणे वीसची रात्र या खात्यात धरलीच जात नाही. झाडाला मोजायला हाडं गोठवणारा गारठा नको, नुसती हुडहुडी हवी. तास भरले की मग झाड अडून राहतं ते फक्त उबेसाठी. हिवाळ्याची अखेर म्हणजे हा मधला काळ. उत्तर गोलार्धात तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो, दक्षिणेत ऑगस्टमध्ये.

या काळात ऊब लवकर आली, तर डोळा फसतो. गच्च मिटलेला डोळा उणे वीसही सोसतो. त्याचं टोक रुपेरी दिसू लागलं की उणे साडेनऊला दहातला एक डोळा जातो. आणि फूल पुरतं उमललेलं असताना पारा उणे २.२ वर आला तर दहातलं एक फूल जातं, उणे ३.९ वर दहातली नऊ. ती रात्र आमच्या कॅमेऱ्यात नाही. मागच्या वसंतातली दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे.

(दृश्य: मधोमध काळी पडलेली फुलं. निवेदन नाही. आठ सेकंद.)

(दृश्य: रंगीत पट्ट्यांचा नकाशा.)

कुठे कोणतं झाड थंडीत तगेल हे सांगणारा हा नकाशा बागकाम करणारे कुंडलीसारखा बघतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने तो पहिल्यांदा १९६० मध्ये काढला, सध्याचा २०२३ चा आहे. एकूण १३ पट्टे आणि दोन लगतच्या पट्ट्यांत १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सिअसचा फरक. हे पट्टे पाडले कशावरून? वर्षातली सर्वांत थंड रात्र किती थंड होती, त्याची तीस वर्षांची सरासरी. बस्स, एवढंच. पाऊस कोणत्या ऋतूत, थंडी सरते कधी, ऊन किती, याबद्दल नकाशा मुका. म्हणून एकाच रंगात समुद्रकाठची ओली बागही बसते आणि पठारावरची कोरडीठाक बागही, आणि या आठवड्यात दोघींची कामं एकमेकींशी जराही जुळत नाहीत. हा नकाशा रोप विकत घेताना बघायचा, कातर उचलताना नाही. २०१२ च्या नकाशाशेजारी २०२३ चा ठेवला तर अमेरिकेचा जवळजवळ निम्मा भाग अर्धा पट्टा उबेकडे सरकलेला दिसतो. असो.

त्यापेक्षा व्लादिमीर कोप्पेन बागेच्या जवळचे. नाव झालं हवामानशास्त्रात, पण शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. १९०० साली त्यांनी जगाच्या हवामानाची वाटणी केली ती कुठे कोणता झाडोरा उगवतो हे बघून. म्हणजे तापमापक नंतर, झाड आधी. आमचं चित्रणही त्याच वाटेने गेलं आहे.

तर शिडीवरच्या माणसाकडे परत. हा भाग आम्ही तीन बाजूंनी टिपलाय, कारण बागेतला सर्वांत जास्त अडाणीपणा इथे होतो.

मनगटाएवढी फांदी काढायची आहे. पहिला काप खोडापासून वीतभर दूर, आणि खालून. जाडीच्या पाव भागापर्यंतच. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरून. कडाड्... फांदी पडली, पण खालच्या कापापाशी साल तुटून थांबली. तो खालचा काप नसता, तर पडणाऱ्या फांदीने खोडाची साल हातभर सोलत नेली असती. आता उरला खुंट. तिसरा काप कुठे द्यायचा?

थांबवा चित्र. खोडाला फांदी जिथे फुटते, तिथे बुडाशी सुरकुत्यांचं एक फुगीर कडं दिसतंय. बाहीच्या टोकाला दुमड असावी तसं. करवत या कड्याच्या बाहेर चालली पाहिजे. कडं राखायचं, खुंट ठेवायचा नाही.

पूर्वी शिकवण अगदी उलट होती. खोडाशी सपाट काप, मग वर डांबर किंवा रंग. दिसायला काम सफाईदार, सुतारकामासारखं. अमेरिकेच्या वन सेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांना या सफाईचा संशय आला. त्यांनी काय करावं? साखळी करवत घेतली आणि झाडं उभी चिरायला सुरुवात केली. एक-दोन नाही, हजारो. जखम वरून कशी दिसते हे सगळेच बघत होते, यांनी ती आतून कुठवर गेली ते पाहिलं. १९७७ मध्ये त्यांनी मांडणी छापली. माणसाच्या जखमेवर नवी कातडी येते, जखम भरते. झाडाला मेलेलं लाकूड पुन्हा नवं करता येत नाही. ते जखमेला आतून भिंती घालतं : वर-खाली जाणाऱ्या नळ्या बुजवतं, आतल्या बाजूने अडवतं, दोन्ही कडांनी अडवतं, आणि सर्वांत भक्कम भिंत घालतं ती जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या सीमेवर. कूज आत कोंडून झाड बाहेरून वाढत राहतं. आणि या बंदोबस्ताचा महत्त्वाचा नाका कुठे? त्याच सुरकुत्यांच्या कड्यात. सपाट कापाने नेमका तोच उडवला जायचा.

ही फळी बघा. दोन जुने काप शेजारी-शेजारी. डावीकडे कडं राखलेलं : काळा डाग अंगठ्याएवढा, तिथेच थांबलेला. उजवीकडे सपाट काप : डाग खोडात खोल उतरलाय. डांबराचा थर अजून शाबूत आहे, चकचकीत. त्याच्या आत कूज सुखाने नांदत होती.

डांबराचा डबा अजूनही कितीतरी बागांच्या कोपऱ्यात असतो. आम्ही भेट दिलेल्या एका बागेतही होता, पण त्याचं चित्रण करू दिलं नाही.

(दृश्य: धुकं, हिरवळ, ओल्या माळा. दुसरी बाग.)

इथे बर्फ नाही. समुद्रावरून येणारा ओलावा आहे, पारा शून्याच्या आगेमागे घुटमळतो, आणि माती महिनोन्महिने ओली. इथली फेब्रुवारीची सकाळ गुलाबाची. डोळे लाल होऊन फुगू लागले की कातर लावायची. झुडपाच्या बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा निवडला, त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर तिरका काप. उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळणार नाही. आतल्या डोळ्यावर कापलं तर फांद्या मधे घुसतात आणि झुडपाचा गुंता होतो.

त्याच ओळीत लायलॅक हे फुलझुडूप आहे. त्याला हात लावलेला नाही. त्याची फुलं मागच्या उन्हाळ्यातच डोळ्यांत भरून ठेवलेली आहेत, आज छाटलं तर यंदाचा बहार कचऱ्याच्या ढिगात. आणि हे आलुबुखार. याच्यासमोरून कातर मान खाली घालून पुढे जाते. ओल्या थंडीत हवेत रुपेरी पानाच्या रोगाचे बीजाणू असतात, ताजा काप म्हणजे त्यांना उघडं दार. आलुबुखार, चेरी यांची छाटणी कोरड्या उन्हाळ्यात.

मग माळी वाफ्याकडे वळतो, आणि कुदळ न उचलता खाली बसतो. मूठभर माती उचलून दाबली. बोटांच्या फटीतून पाणी आलं. आज नाही. दुसरा वाफा, जरा उंचावरचा : मातीचा गोळा झाला, आणि अंगठ्याने टिचकी मारताच भुगा होऊन पडला. हा वाफसा. शेतकऱ्याला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. हौशी बागवाल्याला मात्र पहिलं ऊन पडलं की कुदळ दिसते, माती दिसत नाही. ओल्या मातीत पाय पडले की ती घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

(दृश्य: द्राक्षाचा मळा. काडीच्या टोकाला थेंब.)

हा थेंब पडायला चाळीस सेकंद लागले. कॅमेरामन जागचा हलला नाही.

ही तिसरी हवा. हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा. माती ऊब धरू लागली की वेलीची मुळं पाणी वर ढकलतात, आणि छाटलेल्या काडीच्या तोंडातून ते ठिबकत राहतं. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. वेलीला त्याचं फारसं काही नाही.

द्राक्षाची छाटणी ही फळझाडांतली सर्वांत निर्दय. मागच्या वर्षीच्या वाढीतले दहातले नऊ भाग जमिनीवर. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या पसरलेल्या जुन्या फांदीवर, राहतात ते दोन-दोन डोळ्यांचे आखूड खुंट, कारण घड येतो तो मागच्या वर्षीच्या काडीतून निघणाऱ्या नव्या फुटीवर. दवगोठीचं भय असलेल्या मळ्यांत एक छान युक्ती चालते. काडी आधी लांबच ठेवायची. वेलीचा स्वभाव असा की टोकाचे डोळे आधी फुटतात आणि बुडाचे दबून राहतात. टोकाकडे फूट दिसली की मग काडी आखूड कापायची. बुडाचे डोळे उशिरा जागे होतात, तोवर वाईट रात्री बऱ्याचशा उलटून गेलेल्या असतात.

(दृश्य: कडक ऊन. आंब्याचा मोहोर.)

आणि जिथे दव कधी गोठतच नाही, तिथे? इथे आमच्याकडे चित्रण थोडं आहे, एका दिवसाचंच. आंब्याला मोहोर लागतो त्याला कारण थंड रात्रीच, पण पंधरा-वीस अंशांच्या. म्हणजे हुडहुडीचा हिशेब इथेही आहे, फक्त नाणं वेगळं. इथे या दिवसांत आंब्याला कातर लागत नाही. मोहोराची पाठ उलटून तुडतुडे आहेत का, भुरी रोगाची पांढरी पूड आहे का, हे बघायचं. मोहोर फुटण्याआधी भरपूर पाणी दिलं तर झाड पालवी काढून मोकळं होतं, तेव्हा पाणी आवरतं ठेवायचं आणि फळ वाटाण्याएवढं झालं की पुन्हा सुरू करायचं. येणाऱ्या उन्हासाठी आळ्यात पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन, बुंध्याला न टेकवता. द्राक्षवेल या हवेत झोपतच नाही, म्हणून उष्ण प्रदेशात ती वर्षातून दोनदा छाटतात. कॅलेंडरवर तारीख तीच, जी बर्फातल्या त्या शिडीवर होती.

(दृश्य: खिडकी. पाण्याचा पेला. चार काड्या.)

सतरावा दिवस. पाणी दर दोन दिवसांनी बदललं, काड्यांची टोकं पाण्यात धरून पुन्हा तिरकी कापली. पहिल्या काडीवर पानांचे कान बाहेर आलेत. दुसरीवर गुलाबी कळ्यांचा झुबका. तिसरीचे खवले काल रात्री सरकले.

चौथी अजून बंद आहे. कॅमेरा सुरूच ठेवला आहे.